शेजारचं रान मोडून शेती वाढवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एकूण ६० एकर जमीन, त्यातली ४५ एकर लागवडीखाली, उरलेल्या १५ एकरांत ओढ्याकाठची झाडी, एक खोलगट पाणथळ तुकडा आणि वरच्या अंगाला कधीच नांगर न लागलेला गवताळ माळ. मुलं शेतीतच येणार म्हणतायत, उत्पन्न वाढवायला हवं, भाऊ म्हणतो सगळं साफ करून लागवडीखाली आणू, आणि तुमचं मन काही त्याला तयार होत नाहीये. शेवटी तुम्ही विचारलंय, की उत्पादन वाढवणं आणि निसर्ग राखणं खरंच एकत्र जमतं का, की हे फक्त बोलायला बरं वाटतं?

मी बावीस वर्षं शेतांची आखणी करून देते, म्हणजे कुठं काय लावायचं, पाणी कसं फिरवायचं, कुठला तुकडा सोडून द्यायचा, असं सगळं. त्या अनुभवावर सांगते, की जमतं, पण आपोआप जमत नाही. तुम्ही आणि भाऊ दोघंही १५ एकरांकडे एकच गठ्ठा म्हणून बघताय, तो म्हणतो सगळं मोडू आणि तुम्ही म्हणता सगळं ठेवू, आणि दोघांच्याही नजरेतून ४५ एकर सुटलेत. मला आधी ते ४५ एकर बघायचे असतात. आजवर मी जेवढी शेतं मोजली त्यात असं एकही निघालं नाही की ज्याचा प्रत्येक कोपरा पैसे मिळवून देतो, कुठंतरी एक तुकडा असतोच जो बियाणं, खत, डिझेल सगळं खातो आणि परत काही देत नाही, आणि घरातल्यांना तो माहितही असतो, फक्त त्याचा हिशेब कोणी वेगळा मांडलेला नसतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. उतार किती, पाऊस कसा पडतो, पीक कुठलं, माल जवळच खपतो की लांबच्या बाजारात जातो, माळावरच्या गवतावर कोणाची गुरं जगतात का, आणि त्या १५ एकरांवर कायद्याचं काही बंधन आहे का. यातलं काहीही बदललं तर माझं उत्तर थोडं बदलेल. पण विचार करायचा क्रम बदलणार नाही, म्हणून तोच नीट सांगते.

आधी माळाचं बोलू, कारण भावाला तोच सगळ्यात सोपा वाटत असणार, झाडं तोडायची नाहीत, चर खणायचे नाहीत, ट्रॅक्टर घातला की झालं. पण मी सगळ्यात जास्त घाबरते ते याच मोडणीला. न नांगरलेल्या गवताळ जमिनीची श्रीमंती वर दिसत नाही, ती खाली मुळांमध्ये आणि मातीतल्या सेंद्रिय कर्बात, म्हणजे कुजलेल्या मुळा-पाल्यातून साठलेल्या कार्बनमध्ये असते. ती नांगरली की मातीत हवा खेळते, जिवाणू तो साठा भराभर खातात आणि त्यातून नत्र मोकळं होतं, त्यामुळं पहिली दोन-तीन वर्षं पीक असं जोरदार येतं की मोडणारा म्हणतो बघ, मी सांगत होतो. ते पीक म्हणजे जुन्या ठेवीवर जगणं आहे. जगभरातल्या मोजण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा जंगलाचं शेत केल्यावर मातीतला कर्ब सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास आणि गवताळ कुरणाचं शेत केल्यावर ६० टक्क्यांच्या आसपास घटलेला दिसला. ठेव संपली की तीच जमीन तुमच्याकडं खत मागायला लागते, आणि उताराची असेल तर मातीही वाहून जाते.

आणि मग "नाही जमलं तर परत सोडून देऊ" असं म्हणता येत नाही. अमेरिकेत मिनेसोटामध्ये सीडर क्रीक नावाचं संशोधन क्षेत्र आहे, तिथं शेती करून सोडून दिलेल्या जमिनींवर काय परत उगवतं याची वर्षानुवर्षं नोंद ठेवलीय. सोडून ९१ वर्षं झालेल्या शेतांत वनस्पतींची विविधता शेजारच्या कधीच न नांगरलेल्या जमिनीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत आली होती आणि वाढीचा जोर जेमतेम निम्म्यावर. म्हणजे आज मोडलेला माळ तुमच्या नातवंडांनाही पूर्ण परत दिसणार नाही. म्हणून माझा पहिला नियम, जे अजून मोडलेलंच नाही त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा. बाकीचे निर्णय चुकले तर दुरुस्त होतात.

पाणथळ तुकड्याबद्दल मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती अजून मला टोचते. कामाला लागून चार वर्षं झाली होती, एका शेतकऱ्याचा असाच खोलगट तुकडा होता, मी स्वतः लेव्हल घेऊन चर आखून दिले आणि तो कोरडा करवला. दोन हंगाम फार छान गेले. तिसऱ्या वर्षी माती बसायला लागली, कारण पाण्याखाली साठलेला काडीकचरा हवा लागल्यावर कुजून संपतो आणि जमीन खरंच खाली जाते, मग चर उथळ पडले, परत खणले, तरी पाणी तुंबायचं ते तुंबायचंच. आणि मोठा पाऊस झाला तेव्हा जे पाणी आधी त्या खोलगटात दोन-तीन दिवस थांबून हळूहळू निघायचं ते एका दमात खालच्या शेजाऱ्याच्या शेतात घुसलं, त्याचं उभं पीक आडवं झालं. त्या तुकड्यातून जे कमावलं त्यापेक्षा जास्त दोघांचं मिळून गेलं, आणि शेजाऱ्याशी संबंध बिघडले ते वेगळेच. तेव्हापासून मी पाणथळ जागा कोरडी करायची आखणी देत नाही. फुकट मिळालेला तलाव आहे तो, पूर थोपवतो, भूजल भरतो, वरून वाहून आलेलं नत्र तिथंच जिरवतो.

ओढ्याकाठची झाडी मोडली तर जमीन किती मिळते बघा, लांबट चिंचोळी पट्टी, मशीन नीट वळत नाही, पुरात जायची ती वेगळीच. आणि गमावता काय, तर काठ. मुळं गेली की काठ कोसळतो आणि ओढा तुमच्याच चांगल्या शेतात सरकतो. उलट मी तर काही ठिकाणी अशी पट्टी नव्यानं लावायला सांगते. अमेरिकेतच आयोवामध्ये मका-सोयाबीनच्या उताराच्या शेतात साधारण दहा टक्के जागेवर मूळ गवताळ वनस्पतींचे पट्टे लावून पाहिले, तर वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाली. दहा टक्के जागा देऊन दहा टक्के माती वाचली असं झालेलं नाही, आणि हा हिशेब भावाला समजावून सांगा, कारण योग्य ठिकाणची थोडीशी जागा आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त काम करते.

आता तुमच्या ४५ एकरांकडं येते. या हंगामात एकच करा, कापणी प्लॉटवार वेगळी करा आणि वजन वेगळं लिहा. कंबाइनवर, म्हणजे कापणी-मळणीच्या मशीनवर, उत्पादन मोजायचं यंत्र असेल तर नकाशाच मिळेल, नसेल तर गोण्या मोजल्या तरी चालतं. मग प्रत्येक प्लॉटचा खर्च त्याच्यासमोर मांडा. बहुतेक वेळा दिसतं की बांधाजवळच्या सावलीतल्या, चिबड किंवा मुरमाड पट्ट्या, कोपऱ्याचे त्रिकोण, मशीन फिरून फिरून दाबल्या गेलेल्या कडा, यांचा खर्च इतरांएवढाच आणि उत्पन्न निम्मं. इंग्लंडमध्ये हिल्सडेन इथं एका मोठ्या व्यापारी शेतावर सहा वर्षं असा प्रयोग झाला, शेताच्या कडेची कमी पिकणारी जमीन, आठ टक्क्यांपर्यंत, पिकातून काढून तिथं फुलं-गवत वाढू दिलं. एकूण उत्पादन घटलं नाही, आणि परागीभवन लागणाऱ्या शेंगवर्गीय पिकात तर ते वाढलं. म्हणजे तुमचे तीन-साडेतीन एकर असे निघाले तर तुम्ही लागवड कमी करूनही पोत्यांच्या संख्येत मागं पडणार नाही, आणि खर्च तर नक्की वाचेल.

उरलेल्या चांगल्या जमिनीत वाढ कुठून काढायची? इथं लोक लगेच खताचा डोस वाढवतात, आणि मी सांगते की आधी गळती शोधा. जगभराचा हिशेब केला तर पिकांना घातलेल्या नत्रातलं साधारण निम्मंच पिकात जातं, बाकीचं हवेत उडतं, पाण्यात झिरपतं, नदी-समुद्रात शेवाळ वाढवतं आणि तिथला प्राणवायू संपवतं. तो पैसा तुमच्याच खिशातला आहे. माती तपासून, एकदम न घालता पिकाच्या भुकेच्या वेळी दोन-तीन हप्त्यांत, ओल बघून खत दिलं तर कमी खतात तेवढंच किंवा जास्त पीक निघतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याबद्दल शंका वाटत नाही. सोबत वेळेवर पेरणी, चांगलं बियाणं, निचरा, फेरपालट. ही सगळी जुनीच कामं आहेत, पण बऱ्याच शेतांत वाढीची सगळ्यात मोठी जागा अजून इथंच शिल्लक आहे.

फवारणीचंही तसंच. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा कहर व्हायचा, आणि जितकं फवारावं तितका तो वाढायचा, कारण औषधानं कोळी आणि इतर मित्रकिडी आधी मरायच्या आणि तुडतुड्यांना मोकळं रान मिळायचं. १९८६ साली तिथल्या सरकारनं भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली, पुढच्या काही वर्षांत औषधांवरची सबसिडीही काढून घेतली, शेतकऱ्यांना शेतातच किडी ओळखायला शिकवलं, आणि फवारणी घटूनही भाताचं उत्पादन वाढतच राहिलं. आता हे कोळी, ढालकिडे, गांधीलमाश्या राहतात कुठं, तर बांधावर, ओढ्याकाठी, माळावर. म्हणजे तुमचे १५ एकर तुमच्या ४५ एकरांसाठी आत्ताच काम करतायत, फक्त त्याचं बिल कोणी देत नाही म्हणून ते दिसत नाही.

फायदा पिकावर अवलंबून असतो हेही खरं. वाऱ्यानं किंवा स्वतःच्याच परागांनी परागीभवन होणाऱ्या गहू, मका, भात या पिकांना मधमाश्यांचं फारसं देणंघेणं नाही. पण जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी तीन-चतुर्थांश प्रकारांना कमी-जास्त प्रमाणात कीटक-प्राण्यांच्या परागीभवनाचा उपयोग होतो, आणि कोस्टारिकात एका कॉफीच्या मळ्यात जंगलापासून साधारण एक किलोमीटरच्या आतल्या झाडांचं उत्पादन २० टक्क्यांनी जास्त निघालं होतं. तुमच्या फेरपालटीत तेलबिया, कडधान्यं, भाजीपाला, फळबाग असलं तर १५ एकरांची किंमत वाढते. नसलं तर मी ती उगाच फुगवून सांगणार नाही.

तोटाही आहे. रानडुकरं, पक्षी, माकडं, जे काही तुमच्याकडं असेल ते, रान जवळ असलं की पिकात येतं. निसर्ग राखा म्हणणारे हे बोलायचं टाळतात आणि मग शेतकऱ्याचा त्यांच्यावरचा विश्वास उडतो, बरोबरच आहे त्याचं. माझा अनुभव असा की रानाची कड जितकी तुकड्या-तुकड्यात तुटलेली तितका उपद्रव जास्त, एकसलग असली की राखण करायला सोपी जाते, आणि रानाला लागून जनावरांना कमी आवडणारं पीक घेतलं की नुकसान बरंच कमी होतं. शून्य होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांब लिहायला बसले त्यावर येते. समजा तुम्ही हे सगळं केलं, ४५ एकरांतलं उत्पन्न वाढलं, हातात पैसा आला. मग काय होईल? गव्हाचे जास्त पिकणारे वाण काढणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग, ज्यांना १९७० साली शांततेचं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणं होतं की एकरी उत्पादन वाढलं की नवीन जमीन मोडायची गरज उरत नाही. जगाच्या पातळीवर यात तथ्य आहे, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत धान्याचं उत्पादन तिपटीहून जास्त झालं, जमीन मात्र त्या मानानं थोडीच वाढली. पण एका शेताच्या किंवा एका भागाच्या पातळीवर बऱ्याचदा उलटं घडतं. शेती फायद्याची झाली की शेजारचं रान मोडायची इच्छा वाढते, पैसाही असतो आणि मशीनही दारात असतं, त्यातून माल लांबच्या बाजारात कितीही खपत असेल तर मग थांबायला कारणच नसतं. पाण्याचंही असंच झालेलं आहे, अमेरिकेत कॅन्ससमध्ये पाणी वाचवणाऱ्या सिंचनाला अनुदान दिलं तर शेतकऱ्यांनी जास्त पाण्याची पिकं घेतली, भिजणारं क्षेत्र वाढवलं, आणि जमिनीखालचा उपसा कमी व्हायच्याऐवजी वाढला.

म्हणून वाचवलेलं बांधून ठेवावं लागतं. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या जंगलाची तोड २००४ साली वर्षाला २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर होती, २०१२ पर्यंत ती साडेचार हजारांच्या आसपास आली, आणि त्याच काळात सोयाबीनचं उत्पादन वाढतच होतं. हे नुसतं एकरी उत्पादन वाढून झालं नाही, उपग्रहावरून नजर, दंड, कर्ज अडवणं, संरक्षित क्षेत्रं, आणि २००६ पासून नव्यानं तोडलेल्या जागेवरचं सोयाबीन घ्यायचंच नाही असा खरेदीदारांचा करार, हे सगळं एकत्र होतं. आणि जिथं हा करार लागू नव्हता त्या सेराडो नावाच्या गवताळ-झुडपी प्रदेशावर ताण पडत राहिला, तिथली मोडणी थांबली नाही. गवताळ जमीन लोकांच्या डोळ्यांत जंगलाएवढी भरत नाही, तुमच्या माळाचंही तेच आहे.

बंधन किती पक्कं यानंही फरक पडतो. अमेरिकेत १९८५ पासून एक योजना आहे, सरकार भाडं देतं आणि शेतकरी नाजूक जमीन दहा-पंधरा वर्षं पिकातून बाहेर ठेवतो. २००७ साली त्यात जवळपास ३.७ कोटी एकर होते, मग धान्याचे भाव चढले, करार संपत गेले आणि दहा वर्षांत ते २.४ कोटींच्या आसपास आले, बरंच गवत परत नांगरलं गेलं. त्या शेतकऱ्यांना मी दोष देत नाही, भाव दिसत असताना कोण थांबेल? पण यातून कळतं की "सध्या ठेवू" हा निर्णय पहिल्या चांगल्या भावापर्यंतच टिकतो. तुमच्या घरात हे आत्ताच कागदावर यायला हवं, वाटणीच्या वेळी माळ आणि पाणथळ अविभाज्य राहील असं लिहून, किंवा तुमच्याकडं कायमस्वरूपी संवर्धन कराराची सोय असेल तर त्यातून. मुलांच्या सह्या घ्या, कारण मोह त्यांच्या वेळी होणार आहे.

सगळीच शेती थोडी थोडी निसर्गस्नेही करावी की काही जमीन जोमानं पिकवून बाकीची पूर्ण सोडावी, यावर संशोधकांत बरीच वर्षं वाद चालू आहे. घाना आणि उत्तर भारतातल्या पक्षी आणि झाडांच्या एका मोठ्या अभ्यासात, २०११ साली आलेल्या, जास्त जातींना दुसरा मार्ग बरा ठरला होता, कारण कितीतरी जाती शेतात जगूच शकत नाहीत, त्यांना न मोडलेलंच लागतं. मी साधारण त्याच बाजूची आहे, पण ४५ एकरांत बांध आणि काठ तरी जिवंत ठेवायचे, नाहीतर राखलेले तुकडे एकमेकांपासून तुटतात आणि आतली जनावरं, किडे, बिया सगळं अडकून पडतं.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा धरा. माळ आणि पाणथळ जसेच्या तसे. ओढ्याची झाडी ठेवायची, जमलं तर उताराच्या बाजूनं थोडी रुंद करायची. ४५ मधले तोट्याचे एकर शोधून बाहेर काढायचे, बाकीच्यांतली खताची, पाण्याची, औषधाची गळती बंद करायची. आणि एवढं करूनही मुलांचं भागत नसेल तर, आणि हे शक्य आहे, ६० एकर कितीही नीट केले तरी किती कुटुंबं पोसतील याला मर्यादा आहे, तर आधी मालाची साठवण, प्रतवारी, प्रक्रिया यांकडं बघा. अन्नाचा मोठा हिस्सा शेतातून निघाल्यावर ताटापर्यंत पोचायच्या आत वाया जातो, तो वाचवणं म्हणजे एकही झाड न तोडता मिळालेली जमीनच की. तरीही जमीनच वाढवायची झाली तर आधीच मोडलेली, कोणीतरी पिकवून सोडून दिलेली जमीन भाड्यानं घ्या.

भावाशी बोलताना पक्ष्या-फुलपाखरांपासून सुरुवात करू नका, मला त्यांचं कितीही वाटत असलं तरी. त्याला मुलांची काळजी आहे आणि ती खरी आहे, तेव्हा प्लॉटवार वजनांचा कागद समोर ठेवून बोला. ते आकडे यायला एक हंगाम लागेल, तोवर माळावर ट्रॅक्टर जाणार नाही एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. आणि पाणथळीत चर खणायला मशीनवाल्याला आधीच सांगून ठेवलं असेल तर त्याला आजच फोन करून नको म्हणून कळवा.